तामार अष्टमकरचं माप

तामार अष्टमकर मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलोय तेही प्रेमापोटी नाही. तिच्या बाबतीत जे झालं त्यातलं बरंचसं मी केलं. दुसऱ्या कुणी ते आपल्या सोयीनं सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

मी नितेश घरत. घर पेणला, नोकरी धाटावच्या एका औषध कंपनीत. रोज सकाळी कंपनीची बस वडखळ, नागोठणे करत भिसे खिंडीतून रोह्याकडे जायची आणि मी खिडकीशी झोपलेला असायचो. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी तिथे क्यूसीच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. क्यूसी म्हणजे तयार माल तपासणारं खातं. गोळीत औषध किती आहे, ती किती वेळात विरघळते, हे बघायचं, लिहायचं आणि सही करायची.

करोनानंतर बुरशीच्या आजाराची लाट आली तेव्हा कंपनीनं त्या आजारावरची एक गोळी काढली. गोळीला मागणी होती, आम्ही तीन शिफ्टमध्ये ती बनवत होतो, आणि माझ्याकडचं जुनं मशिन अपुरं पडत होतं. औषधाचं प्रमाण मोजणारं नवं मशिन घ्या म्हणून मी वर्षभर अर्ज करत होतो. शेवटी खरेदी झाली, पण भलतीच. मुंबईच्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून एक करडा डबा आला, त्याच्याबरोबर वायरींचं भेंडोळं, दोन पितळी तबकड्या, आणि पाठोपाठ तो चालवणारी बाई. माझ्या मशिनसाठी ठेवलेला कोपरा तिला मिळाला.

तिचं वय तेव्हा शेहेचाळीस असेल. अंगानं किरकोळ, केस आखूड, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मूळची रोह्याजवळच्या अष्टमीची. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यांची घरं तिथे पूर्वी बरीच होती. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून आमच्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणत. एकेक करून सगळी इस्राएलला गेली. तामारचा भाऊ एलियाहसुद्धा गेला. ती फिजिक्स शिकून वीस वर्षं मुंबईत त्याच प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळत होती, आणि आई रेबेका अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून अष्टमीत परत आली. लग्न केलेलं नव्हतं.

शनिवारी ती कामावर यायची नाही. नेमणूक होतानाच तिनं तसं लिहून घेतलं होतं. त्याऐवजी रविवारी यायची. आम्हाला शनिवारी माल सोडायची घाई असायची आणि हिची खुर्ची रिकामी. मी पहिल्याच महिन्यात बोललो, "बाई, देव सगळ्यांनाच हायेत. आमचा सोमवारी उपास असतो, आम्ही काय घरी बसतो?"

ती म्हणाली, "तू पण लिहून घ्यायचं होतंस."

बोलणं असं. ऐकणाऱ्याला चपराक बसल्यासारखं वाटायचं, आणि तिला त्याचं काहीच नसायचं. माझ्या नमुन्यांच्या बाटल्या ती सगळ्यांसमोर परत करायची. "झाकण नीट लावलेलं नाय. दमट हवा गेली आत. दुसरी आण." मी सातवीतला मुलगा असल्यासारखं.

तिच्या डब्याला आम्ही 'करंटचा डबा' म्हणायचो. तो काय करतो ते एकदा तिनं मला समजावलं होतं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली आणि माझ्यापुढे एक खडीसाखरेचा खडा आणि एक लिमलेटची गोळी ठेवली.

"दोन्ही काय हायेत?"

"साखर."

"तुझं मशिन काय म्हणेल?"

"साखरच म्हणेल. शंभर टक्के."

"म्हणजे तुझ्या मशिनला दोन्ही सारखेच. पण खडीसाखरेत साखरेचे कण रांगेत बसलेत, एकमेकांना धरून. लिमलेटमध्ये नुसती दाटी हाय, कोण कसाही वळलेला. रांग मोडायला पाण्याला वेळ लागतो. दाटीतला एकेक कण पटकन सुटतो. आपली गोळी लिमलेटसारखी बनवलेली हाय. या औषधाची रांग झाली तर ते पोटात विरघळतच नाय. आता सांग, लिमलेट पावसाळ्यात उघडं ठेवलंस तर काय होतं?"

"चिकट होतं."

"आणि मग?"

मला माहीत होतं. वरून पांढरं पडतं, रवाळ होतं.

तीच पुढे म्हणाली, "दाटी मोडून रांगा लागायला लागतात. औषध तेवढंच राहतं, तुझं मशिन शंभर टक्के म्हणत राहतं, आणि माणसाला गुण येत नाय."

तिचं माप असं होतं. गोळीची पूड करून ती एक पातळ चकती दाबायची, चकती त्या दोन पितळी तबकड्यांमध्ये धरून हळूहळू तापवायची, आणि तिच्यातून अगदी हलकी, उलटसुलट होणारी वीज सोडायची. दाटीतले कण विजेबरोबर थोडे थोडे वळतात. रांगेतले जागचे हलत नाहीत. किती वळले ते डबा मोजायचा आणि पडद्यावर एक उंचवटा काढायचा. उंचवटा खाली आला की समजायचं, दाटी कमी झाली, रांगा वाढल्या.

"मला शिकवू नका बाई," मी म्हणालो. "मी एमएस्सी केमिस्ट्री आहे."

तिनं खडा आणि गोळी दोन्ही उचलून घेतलं आणि गेली. त्यानंतर तिनं मला काही समजावलं नाही.

भांडणाला खरं तोंड फुटलं दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये. आजाराची लाट ओसरली होती. मागणी घटली आणि बनवलेल्या गोळ्या पिंपांमध्ये भरून दोन नंबरच्या गोडाऊनमध्ये पडून होत्या. पत्र्याचं छप्पर, मागे नाला. तिथली हवा कोरडी ठेवायचं मशिन मार्चपासून बंद होतं. तामारनं त्यातल्या गोळ्या तपासल्या आणि थेट प्लँटचे प्रमुख धनेश साहेबांना लिहून दिलं की दोन नंबरच्या मालाची रचना बदलतेय, तो बाजारात सोडू नये.

धनेश साहेब हुशार माणूस. औषधनिर्माण शिकलेला, गोड बोलणारा, आणि आवाज न चढवता समोरच्याला पाडणारा. त्यानं आम्हा सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं.

"अष्टमकर बाई, आपण हे माप घेताना चकती वाळवली होती?"

"नाय. गोडाऊनमध्ये हाय तशीच घेतली."

"मग आता वाळवू या. सर्वांसमोर."

चकती निर्वात भट्टीत वाळवायला ठेवली. चार तासांनी सगळे परत जमले. तामारनं स्वतःच्या हातानं चकती तबकड्यांमध्ये धरली आणि माप सुरू केलं. सकाळच्या आलेखात नेहमीच्या उंचवट्याआधी जो वेगळा मोठा फुगवटा दिसत होता, ज्यावरून तिनं रचना बदलतेय म्हटलं होतं, तो गेला होता. वाळवलेल्या गोळीची रेघ ताज्या गोळीच्या रेघेवर जवळजवळ जाऊन बसली.

धनेश साहेब हसला. "पाणी. बाईंनी ऑगस्ट महिन्यात कोकणातलं पाणी मोजलं, आणि माझा चाळीस पिंपं माल अडवायला निघाल्या."

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, आणि दारातून बाहेर पडताना म्हणालो, "पाणीवाली बाई." ते नाव चिकटलं. आठ दिवसांत पॅकिंगच्या मुलीही तिला तेच म्हणायला लागल्या.

तिची चूक होती, ती तिनं मान्य केली. "वाळवायला पायजे होती. माझी चूक," एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर मी माझी वही घ्यायला परत गेलो, तेव्हा ती पडद्याला नाक लावून बसली होती.

"जवळजवळ," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःशी, कोण जाणे. "बसली नाय रेघ वर. खाली हाय. थोडी खाली हाय."

"हाताचा फरक असतो," मी म्हणालो.

"असेल. मोजला पायजे."

मग तिनं तो मोजायला घेतला. पुढचे अकरा रविवार ती एकटी लॅबमध्ये बसली. बनवल्या दिवसापासून फ्रीजमध्ये कोरड्या ठेवलेल्या गोळ्या एकीकडे, दोन नंबरच्या गोळ्या दुसरीकडे. सगळ्या चकत्या एका वजनाच्या, एका जाडीच्या, सारख्याच वाळवलेल्या. हे मला रविवारच्या वॉचमनकडून कळायचं, आणि बसमध्ये मी ते रंगवून सांगायचो. म्हणायचो, बाईला घरात करमत नाय, आईचं हगणंमुतणं काढण्यापेक्षा इथे एसीत बसते. असं मी बोललो आहे.

नोव्हेंबरमध्ये ती माझ्याकडे आली.

"नितेश, तुझे विरघळण्याचे आकडे दे. दोन नंबरच्या मालाचे, महिन्यावार."

"कशाला?"

"माझा उंचवटा दर महिन्याला खाली येतोय. ताज्या मालाचा जागेवर हाय. तुझे आकडे त्याच्या बरोबरीनं उतरत असले तर खात्री होईल. नसले उतरत तर मी चुकले."

मी म्हणालो, "लेखी मागा. साहेबांची सही आणा."

आता मला खरा मुद्दा सांगायला हवा. माझे आकडे उतरत होते. चाचणीत सहा गोळ्या कोमट आम्लाच्या पाण्यात टाकून अर्धा तास फिरवायच्या आणि औषध किती उतरलं ते बघायचं. ताज्या मालाचं नव्वदच्या वर यायचं. सप्टेंबरमध्ये चौऱ्याऐंशी आलं. ऑक्टोबरमध्ये अठ्ठ्याहत्तर, म्हणजे ऐंशीच्या हद्दीच्या खाली. मी तो कागद धनेश साहेबाकडे नेला होता. तो म्हणाला, "घरत, पाणी नीट तापलं नसेल. पुन्हा लावा." मी पुन्हा सहा गोळ्या आणल्या, पुन्हा लावलं, आणि या खेपेला फिरवण्याचा वेग थोडा वाढवला. त्र्याऐंशी आलं. मी त्र्याऐंशी लिहिलं, अठ्ठ्याहत्तरचा कागद फाडला आणि माल बाजारात सोडायची सही केली. साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षी लॅबचा इनचार्ज मी होणार, असं तोवर सगळेच धरून चालले होते.

तामारनं माझ्या आकड्यांशिवायच अहवाल लिहिला. धनेश साहेबानं तो वाचला की नाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यावर कापड पडलं, कोपऱ्याला कुलूप लागलं, आणि तिची बदली राखीव नमुन्यांच्या खोलीत झाली. प्रत्येक बॅचच्या थोड्या गोळ्या पुढे कधी तपासायला लागल्या तर म्हणून त्या खोलीत ठेवतात, आणि गोडाऊनमधून दर महिन्याला काढलेले नमुनेही तिथूनच मिळतात. खिडकी नाही, मांडण्या, खोके आणि एक रजिस्टर. कोणी किती गोळ्या नेल्या ते लिहायचं, बस. वीस वर्षं यंत्रं चालवलेल्या बाईला अपमान व्हावा म्हणून तिथे बसवलं होतं.

त्याच सुमारास कामगारांत बातमी पसरली की पाणीवाली बाई बुरशीच्या गोळीची लाईन बंद पाडणार. लाईनवर एकशे चाळीस कंत्राटी माणसं होती. त्यांचा पुढारी केरू, पॅकिंगमधला. भला माणूस, पण कामाचा प्रश्न आला की डोळ्यांत रक्त उतरायचं. कँटीनमध्ये तो तिच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"काय गो, आमच्या पोटावर पाय देतेस?"

"मी गोळी मोजते, केरू. तुझं पोट नाय."

"तुझं काय जातंय? उद्या इमानात बसशील, भावाकडे जाशील. आमी कुठं जायचं? तुला देश हाय दुसरा."

तामारनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "माझ्या आज्याचा घाणा अष्टमीत होता. त्याच्या आज्याचा पण. तुझा बाप कोकणात कधी आला ते विचारू का?"

केरूनं तिचं ताट हातानं उडवलं. भात जमिनीवर सांडला. कोणी उठलं नाही. मी समोरच्या टेबलावर होतो, मीही जेवत राहिलो. तिनं खाली वाकून भात गोळा केला, ताट नेऊन धुतलं आणि खोलीत परत गेली. त्या दिवसापासून तिच्या टेबलाशी कोणी बसलं नाही. तिच्या स्कूटरच्या चाकातली हवा आठवड्यातून दोनदा जायची. ती कंपनीच्या गेटपासून अष्टमीपर्यंत स्कूटर ढकलत न्यायची, आणि बसमधून आम्हाला दिसायची.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ती पेणला माझ्या घरी आली. रविवार तिचा कामाचा दिवस, म्हणजे रजा काढून रोह्याहून गाडीनं आली असणार. माझी बायको दिपिका हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. ती रविवारी घरी होती. तिनंच दार उघडलं.

"कोण पायजे?"

"नितेश घरत. मी कंपनीतली."

दिपिकानं तिला आत घेऊन खुर्ची दिली. मी बाहेर आलो आणि माझं डोकं भडकलं. "घरी कशाला आलात?"

"कंपनीत तू बोलत नायस म्हणून." तिनं पिशवीतून काही काढलं नाही, नुसती बोलली. "ऑक्टोबरची तुझी चाचणी. चाचणीला सहा गोळ्या लागतात. कागदावर सहाच हायेत. माझ्या रजिस्टरमध्ये तुझ्या सहीनं बारा गेल्यात. सकाळी सहा, दुपारी सहा. सकाळच्या सहा गोळ्यांचा आकडा कुठं हाय?"

मला त्या रजिस्टरची आठवणही नव्हती. साहेबालाही नसणार, नाहीतर तिला तिथे बसवलंच नसतं.

"पडल्या हातातून," मी म्हणालो.

"सहाच्या सहा?"

"हो, सहाच्या सहा! तुम्हाला काय करायचंय? तुम्ही कोण मला विचारणाऱ्या?"

"डिसेंबरमध्ये पण बारा गेल्यात," ती म्हणाली. "नितेश, ज्याच्या छातीत बुरशी झालीय तो माणूस ही गोळी घेतो. गुण नाय आला तर डॉक्टरला वाटतं आजार जोरात हाय. गोळीवर कोणाचा संशय जात नाय, कारण तिच्यावर तुझी सही हाय. पंधरा दिवस देते तुला. तू स्वतः लिहून दे. नायतर मी लिहिते."

"धमकी देताय?"

"व्हय."

मी तिचा दंड धरून तिला दाराबाहेर काढलं. ढकललं नाही, पण धरलं जोरात. शेजारी बघत होते. म्हणालो, "परत या गल्लीत दिसलात तर बघा." ती पायरी उतरली, चष्मा सारखा केला आणि वळून न बघता स्टेशनच्या दिशेनं चालू लागली.

आत आलो तर दिपिका तशीच उभी.

"तुमी बारा नेल्यात?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"बारा न् सहा कळतात मला," ती म्हणाली, आणि बाईला दिलेली खुर्ची उचलून आत नेली.

सोमवारी मी पहिलं काम केलं ते धनेश साहेबाला सगळं सांगायचं. म्हणजे लिहून दिलं नाही. बाई रजिस्टर घेऊन धमक्या देतेय, घरी आली होती, असं सांगितलं. दुपारपर्यंत तामारला बडतर्फीचं पत्र मिळालं. कारण लिहिलं होतं, कंपनीची गोपनीय माहिती बाहेर नेणं. तिला सामान आवरायला दहा मिनिटं दिली आणि गेटवर तिची पिशवी उलटी करून झडती घेतली. जेवणाचा डबा, छत्री, चष्म्याचं घर जमिनीवर पडलं. रजिस्टर साहेबानं स्वतःच्या कपाटात ठेवलं. मी लॅबच्या काचेतून बघत होतो. मला बरं वाटलं, हे खरं आहे.

पंधरा दिवस झाले त्या दिवशी तिनं सरकारी औषध खात्याला पत्र लिहिलं. रजिस्टर तिच्याकडे नव्हतं, पण तारखा, बॅच आणि कोणत्या पानावर काय लिहिलंय ते तिला तोंडपाठ होतं. दोन आठवड्यांत दोन निरीक्षक आले, न सांगता. पहिल्यांदा त्यांनी तेच रजिस्टर मागितलं. साहेब म्हणाला, हरवलं. निरीक्षकांतली बाई म्हणाली, "हरवल्याचं लेखी द्या, आणि कपाट उघडा." रजिस्टर निघालं. पानं फाडलेली नव्हती. साहेबाला फाडायचं धाडस झालं नाही, की वेळ मिळाला नाही, मला माहीत नाही.

त्यांनी दोन नंबरच्या गोळ्या नेल्या, सरकारी प्रयोगशाळेत विरघळवून बघितल्या. दोन बॅचचे आकडे आले, एकाहत्तर आणि अडुसष्ट. माल बाजारातून परत बोलावला गेला आणि लाईनला सील लागलं.

मला समोर बसवून विचारलं, "सकाळच्या सहा गोळ्यांचा आकडा किती होता?" रजिस्टर टेबलावर उघडं होतं आणि माझी सही माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर." मी खरं बोललो ते पकडला गेलो म्हणून. साहेबाचं नावही सांगितलं, ते मात्र रागानं. तोवर तो सगळं माझ्यावर ढकलून मोकळा झाला होता.

त्यानंतरचे चार महिने तामारच्या वाट्याला वाईट गेले. एकशे चाळीस माणसं घरी बसली. केरूची माणसं अष्टमीत तिच्या दारावर शेण फेकून गेली. एका सकाळी तिच्या भिंतीवर 'चालती हो' असं लिहिलेलं होतं, फेब्रुवारीच्या उन्हात ब्रश घेऊन ते खरवडताना तिला मी स्वतः पाहिलं, कारण मी तिच्या घरावरून मुद्दाम गेलो होतो. कशाला गेलो होतो ते मला नीट सांगता येणार नाही. दुधवाल्यानं तिचं दूध बंद केलं. तिची आई रेबेका मार्चमध्ये गेली. त्यांच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते आसपास राहिलेले नाहीत, आणि अलिबाग, पनवेलहून यायला त्यांना संध्याकाळ झाली. तोपर्यंत ती आईजवळ एकटी बसून होती असं ऐकलं. कंपनीतलं कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

भाऊ न्यायला आला होता. ती गेली नाही.

कंपनीचं मात्र ठीक झालं. नव्या साहेबानं गोडाऊनचं छप्पर बदललं, गोळ्या जाड पन्नीच्या पाकिटात घालायला लावल्या आणि लाईन पुन्हा सुरू केली. केरू आणि त्याची बहुतेक माणसं परत कामावर आहेत. आता दर महिन्याला गोळ्यांचे नमुने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जातात आणि तिथे विजेनं तेच माप घेतलं जातं, जे तामार इथे घ्यायची. पण तामारला परत बोलावलं नाही. तिचा करंटचा डबा भंगारात गेला. धनेश साहेब दुसऱ्या राज्यात, याहून मोठ्या कंपनीत आहे.

मला काढलं. सध्या पेणमध्ये एका पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे. लोकांच्या विहिरीचं, बोअरिंगचं पाणी तपासतो. दिपिकाला मी सगळं सांगितलं, फाडलेल्या कागदासकट. तिनं ऐकून घेतलं. "त्या बाईला सांगा," म्हणाली, "मला नको."

मी सांगितलं नाही. वर्ष गेलं.

तामार आता पनवेलजवळच्या एका कॉलेजात आहे, त्यांची यंत्रं सांभाळते. रोह्याहून सकाळच्या गाडीनं जाते. गेल्या पावसाळ्यात माझं पनवेलला काम होतं, मी पेण स्टेशनवर उभा होतो. गाडी आली आणि क्रॉसिंगसाठी थांबली. ती पाय मोकळे करायला फलाटावर उतरली. केस पार पांढरे झाले होते. मी जवळ गेलो.

"तामारबाई."

तिनं बघितलं. ओळखलं.

"मी चौकशीत खरं सांगितलं होतं," मी म्हणालो. "अठ्ठ्याहत्तर. तुम्हाला कळलं असेल."

"कळलं."

"साहेबाचं नाव पण मीच सांगितलं."

"तेही कळलं."

मला आणखी बोलायचं होतं. पेणच्या घराचं, दंड धरल्याचं, आईचं. पण एवढंच म्हणालो, "तुमचं माप बरोबर होतं."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुला पण माहीत होतं. तुझ्याकडे तर आकडा होता. मी अकरा रविवार बसले त्या कोपऱ्यात, माझी आई एकटी घरी पडून, आणि तो आकडा तुझ्या डोक्यात होता."

"मी माफी—"

"नको. माझ्याकडून तुला काय मिळायचं नाय, नितेश. परत हाक मारू नको. आपली ओळख नाय."

समोरून दुसरी गाडी निघून गेली आणि सिग्नल पडला. ती डब्यात चढली, खिडकीशी बसली आणि पिशवीतून एक कागद काढून वाचू लागली. मला त्याच गाडीनं जायचं होतं. मी दुसऱ्या डब्याच्या दिशेनं चालू लागलो.